फोटोतला माल आणि हातातला माल : प्राइम लेन्स घ्यावी की झूम?

पूर्वी गिऱ्हाईक दुकानात यायचे, थान उलगडायला लावायचे, कापड चिमटीत धरून पाहायचे आणि मगच भाव विचारायचे. आता आधी फोटो मागतात. हैदराबादचा किंवा दुबईचा व्यापारी व्हॉट्सॲपवर फोटो पाहूनच माल हवा की नको ते कळवतो. म्हणजे आपल्या मालाची पहिली पारख आता डोळ्याने होत नाही, कॅमेऱ्याच्या भिंगातून होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या पेठांतील अनेक व्यापारी बांधवांनी यासाठी कॅमेरे घेतले आहेत. कॅमेरा घेताना दुकानदार हमखास विचारतो, “लेन्स कुठली देऊ, प्राइम की झूम?” येथे आपला माणूस अडतो. आणि अडलेल्या गिऱ्हाइकाला महागाची वस्तू दाखवायची, ही व्यापाराची रीत आपल्याला काही नवी नाही.

आम्ही फोटोग्राफर नाही, कापडवाले आहोत. परंतु आमच्या मालाचे फोटो आमच्याच गाळ्यात निघतात, आणि या प्रश्नाचा विचार आम्ही व्यापाऱ्याच्या हिशेबाने केला आहे. तोच येथे मांडतो.

प्रथम फरक समजून घेऊ. लेन्सवर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. आकडा लहान असेल तर चौकटीत जास्त जागा मावते, आणि मोठा असेल तर लांबची वस्तू जवळ आल्यासारखी दिसते. प्राइम लेन्सचा हा आकडा कायमचा एकच असतो, उदाहरणार्थ ५०. झूममध्ये कडे फिरवून तो बदलता येतो, उदाहरणार्थ १८ ते ५५. दुसरा आकडा एफचा. तो जितका लहान, तितका लेन्सचा झरोका जास्त उघडतो आणि उजेड जास्त आत येतो. कॅमेऱ्याबरोबर पेटीत मिळणारी १८-५५ ची झूम पूर्ण ताणली की एफ ५.६ वर येते. ५० ची साधी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर ही प्राइम त्या झूमच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. किंमत दहा हजारांच्या आसपास. एफ २.८ ची २४-७० झूम घ्यायला गेलात तर नामांकित कंपन्यांची लेन्स लाखाच्या वर जाते, आणि वजनही पाऊण-एक किलोच्या घरात असते. ५० ची प्राइम दीडशे-दोनशे ग्रॅमची.

छायाचित्रणाच्या पहिल्या शतकात जवळजवळ सर्व लेन्स प्राइमच होत्या. साध्या फोटोच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, ३६ ते ८२ ची, १९५९ साली फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने बाजारात आणली. तिच्यात काचेची चौदा भिंगे होती. साध्या ५० च्या प्राइममध्ये सहा भिंगांत काम भागते. जास्त काच, जास्त सरकणारे भाग, म्हणून जास्त खर्च आणि दोषांना जास्त वाव, ही झूमची जुनी अडचण. आता संगणकाच्या मदतीने आखणी होत असल्यामुळे झूम पुष्कळ सुधारल्या आहेत. जुन्या जाणत्या फोटोग्राफरांच्या तोंडी झूमची जी बदनामी ऐकू येते, तिच्यातली निम्मी तरी आता शिळी झाली आहे.

(जाता जाता. “कॅमेरा” हा शब्द अरबी “कुमरा” वरून आला, असे आपल्यातील काही मंडळी अभिमानाने लिहितात. तसे नाही. तो लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोली. मात्र अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी केला आणि “किताब-उल-मनाझिर” हा ग्रंथ लिहिला, हे अगदी खरे आहे. खरे मोठेपण असताना खोट्याची गरज काय?)

आता दुकानाच्या कामाकडे येऊ. प्राइम घ्या, कारण ती उजेड जास्त घेते, असे विक्रेता सांगतो. गोष्ट खरी आहे, पण आपल्या कामाची नाही. कापड हलत नाही, पळत नाही. कॅमेरा तिपाईवर बसवला की झरोका लहान ठेवून एक सेकंद उजेड घेतला तरी फोटो हलणार नाही. उलट एफ १.८ वर कापडाचा फोटो काढणे नुकसानीचे ठरते. दीड-पावणेदोन फुटांवरून ५० च्या लेन्सने एफ १.८ वर फोटो काढला तर जेमतेम पाव इंच खोलीपर्यंत कापड स्पष्ट येते. चुणीचा वरचा भाग स्पष्ट, आतला धूसर. चित्र देखणे दिसते, कौतुकही होते, पण घेणाऱ्याला वीण दिसत नाही. तेच एफ ८ वर काढले तर इंचभर खोली स्पष्ट मिळते. आणि एफ ८ वर पेटीतली १८-५५ झूमही चांगले काम करते. इतके की व्हॉट्सॲपवर लहान करून पाठवलेल्या फोटोत कोणती लेन्स कोणती, हे जाणकारालाही सांगता येणार नाही. (फोटो मूळ स्वरूपात पाठवायचा असेल तर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवावा.)

मग व्यापाऱ्याने प्राइम का घ्यावी? आमच्या मते त्याचे खरे कारण वेगळे आहे. प्राइमचे माप बदलत नाही. तिपाईच्या पायांच्या जागी जमिनीवर खुणा करा, पुतळ्याच्या जागी खूण करा, म्हणजे आज काढलेला कुर्ता आणि सहा महिन्यांनी काढलेला कुर्ता एकाच मापात दिसेल. झूमचे कडे हात लागून जरा फिरले तरी एक नग मोठा आणि एक लहान दिसतो. बत्तीस आणि छत्तीस साइजचे दोन नग कॅटलॉगमध्ये सारखे दिसले की गिऱ्हाईक गोंधळते आणि माल परत येतो. झूम वापरणाऱ्यांनी यावर साधा इलाज करावा. कडे एका आकड्यावर ठेवून त्यावर कागदी टेप चिकटवावी. मग तीच झूम आपली प्राइम झाली. दहा हजार वाचले.

दुसरे कारण सरळ रेषेचे. स्वस्त झूमच्या रुंद टोकाला, म्हणजे १८ वर, सरळ रेषा मध्ये फुगून पिंपासारखी दिसते. डोंगर-झाडाच्या फोटोत ते कळत नाही, पण काठाची साडी, सोलापुरी चादर, दस्तरखान किंवा जानमाज यांच्या कडा वाकड्या दिसल्या की पाहणाऱ्याला वाटते विणकराने माल तिरका विणला. ज्या कारीगराने बोटे झिजवून काठ सरळ आणला, त्याच्यावर हा अन्याय आहे. ५० ची प्राइम या बाबतीत भरवशाची आहे. झूमच असेल तर ३५ किंवा त्याहून पुढे ठेवावी. आजचे पुष्कळ कॅमेरे हा दोष आपोआप सुधारतात. ती सोय चालू आहे का, ते कॅमेऱ्याच्या मेन्यूत पाहून घ्यावे.

परंतु प्राइम घेण्यापूर्वी एक गोष्ट टेपने मोजून पाहा : आपला गाळा. आपल्यापैकी बहुतेकांचे कॅमेरे लहान सेन्सरचे असतात, त्याच्या लांब बाजूची लांबी सुमारे २२ ते २४ मिलिमीटर. अशा कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून पुरुषभर उंचीचा पुतळा पायापासून खांद्यापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर तेरा-चौदा फूट मागे जावे लागते. दहा बाय बाराच्या गाळ्यात तुम्ही जाणार कुठे? रस्त्यावर. ३५ च्या लेन्सला नऊ-दहा फूट लागतात, २४ ला साडेसहा. हिशेब सोपा आहे. जितकी उंची चौकटीत घ्यायची तिला लेन्सच्या आकड्याने गुणा आणि सेन्सरच्या लांबीने भागा. सर्व आकडे मिलिमीटरमध्ये घ्या, म्हणजे अंतर मिळते. ज्याचा गाळा लहान आहे त्याने दुकानदाराने “सर्वात जास्त खपणारी” म्हणून पुढे केलेली ५० न घेता ३५ पाहावी, किंवा पेटीतल्या झूमवरच समाधान मानावे. जानमाज जमिनीवर अंथरून वरून फोटो काढणाऱ्यांनाही हीच अडचण येते. ५० ने चार फुटांची जानमाज पूर्ण घ्यायची तर कॅमेरा साडेनऊ फुटांवर न्यावा लागतो, म्हणजे छताला टेकतो. त्यापेक्षा ती भिंतीवर ताणून लावावी.

बारीक वीण दाखवायची असेल तेव्हा मात्र लेन्सची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. हिमरू असो, पैठणीचा पदर असो की साधे कॅम्ब्रिक असो, जाणकार घेणारा धागे मोजतो. येथे एक गंमत आहे. ५० ची साधी प्राइम फार जवळ जाऊ शकत नाही. तिच्या चौकटीत कमीत कमी चार इंच कापड येते. पेटीतली १८-५५ त्याहून जवळ जाते आणि अडीच इंचांपर्यंत येते. म्हणजे स्वस्त झूम येथे सरस ठरली. परंतु प्राइमच्या मागे बसवायच्या पोकळ कड्या मिळतात, त्यांत काच नसते, किंमतही थोडी. २५ मिलिमीटरची कडी ५० च्या मागे लावली की चौकटीत साधारण सव्वा इंच कापड येते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, परदेशातला खरेदीदार घरबसल्या इंचातले उभे-आडवे धागे मोजून घेईल. ज्यांचे कामच जरीचे, भरतकामाचे किंवा दागिन्यांचे आहे, त्यांनी ६० किंवा १०० ची मॅक्रो लेन्स घ्यावी. तीही प्राइमच असते.

तलम विणीच्या फोटोत कधी कधी पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे दिसतात. याला मुआरे म्हणतात. कापडाची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून ते उमटतात, कापडात काही दोष नसतो. लेन्स जितकी तेज तितका हा त्रास जास्त, म्हणून महाग प्राइम घेणाऱ्यांना तो अधिक जाणवतो. कॅमेरा वीतभर पुढे-मागे करावा, थोडा तिरका करावा, नाहीतर झरोका एफ १६ पर्यंत लहान करावा.

आणि रंग? आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा जांभळ्या दुपट्ट्यांचा लॉट परगावाहून परत आला. फोटोत तो निळा दिसला होता. त्याने लेन्स बदलायचे ठरवले, पण दोष लेन्सचा नव्हता. एका बाजूने ट्यूबलाइट आणि दुसऱ्या बाजूने दारातला उजेड, असे दोन जातींचे प्रकाश कापडावर पडत होते. एकच प्रकाश ठेवावा, करड्या कार्डावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावावा, मग फोटो काढावा. लेन्सवर खर्च करण्यापूर्वी दोन चांगले दिवे आणि एक मजबूत तिपाई घ्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ही सर्व खटपट कशाला, असे काही बांधव म्हणतील. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर दाखवणाऱ्या आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारणाऱ्या हजरत मुहम्मद (स.) यांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. फोटो हाही एक ढीगच आहे. धूसर पार्श्वभूमी आणि चमकदार प्रकाश यांच्या आड मालाचा ऐब लपवता येतो, आणि लपवणारे लपवतातही. सेकंड मालाचा फोटो काढताना डाग किंवा तुटलेला धागा जवळून घेऊन तो इतर फोटोंबरोबरच पाठवावा. तसबिरीच्या जायज-नाजायजबद्दल उलमांमध्ये जो मतभेद आहे तो सजीवांच्या चित्रांबद्दल आहे, निर्जीव मालाच्या फोटोबद्दल नाही. ज्यांना खबरदारी घ्यायची आहे ते बिनडोक्याचा पुतळा किंवा हँगर वापरतात. त्याने विक्रीत काही उणे पडत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी दोन शब्द. मोबाइलच्या मागे जी दोन-तीन भिंगे दिसतात, त्यांतले प्रत्येक बहुधा प्राइमच असते. बोटांनी चित्र ताणून जो “झूम” होतो तो बहुतेक वेळा चित्र कापून मोठे करणे असते. मुख्य भिंग रुंद असते, म्हणून माणूस कुर्त्याच्या तीन फुटांवर जाऊन उभा राहतो आणि फोटोत खांदे मोठे व घेर लहान येतो. मोबाइलला दोनपटीचे वेगळे भिंग असेल तर ते लावून आठ-दहा फूट मागे उभे राहा, कपड्याचा आकार खरा येईल.

ज्यांची मुले लग्नाच्या फोटोग्राफीत आहेत त्यांचा हिशेब मात्र वेगळा. तेथे काही स्थिर नसते. निकाहच्या वेळी काझीसाहेब, वकील, गवाह आणि दूल्हा एका जागी दाटीने बसतात. ईजाब-कबूलच्या क्षणी उठून पुढे-मागे करता येत नाही, आणि तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. अशा ठिकाणी २४-७० ची झूमच कामाला येते. परंतु हॉल अंधारा असेल तर जेथे एफ ५.६ च्या झूमला सेकंदाचा विसावा भाग लागतो तेथे एफ १.८ ची प्राइम दोनशेव्या भागात काम करते, आणि मिठी मारणारा, रुखसतीला डोळे पुसणारा माणूस हलका न येता स्पष्ट येतो. म्हणून अनुभवी मुले दोन कॅमेरे बाळगतात, एकावर झूम आणि दुसऱ्यावर ३५ किंवा ८५ ची प्राइम. जनान्यातील फोटोंसाठी आता आपल्या मुलीही या धंद्यात येत आहेत, मागणीही चांगली आहे. त्यांनी सुरुवात हलक्या प्राइमने करावी. २४-७० मुंबई-पुण्यात दिवसाच्या किरायाने मिळते. दहा-बारा लग्नांचा किराया कमावून झाल्यावर ती विकत घ्यावी की नाही ते ठरवता येते. क्रेडिट कार्डाच्या “शून्य टक्के” हप्त्यावर घाईने घेऊ नये. अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलेले असते, हे २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते.

कारखान्यात फोटो काढणाऱ्यांसाठी आमचा सल्ला उलटा आहे. पॉवरलूमच्या शेडमध्ये सुताचा भुसा सतत हवेत तरंगतो. तेथे प्राइम काढ-घाल केल्या की तो सेन्सरवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत कापडावर डाग असल्यासारखा दिसतो. शेडमध्ये जाताना एकच झूम लावून जावे आणि बाहेर येईपर्यंत काढू नये.

जुनी लेन्स घेण्यात आम्ही कमीपणा मानत नाही. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन नव्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुन्या पद्धतीच्या चांगल्या लेन्स बाजारात स्वस्त झाल्या आहेत. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारचा भाग कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. थान जसे उजेडाला धरून पाहतो तशी लेन्स पाहावी. मागून बॅटरीचा उजेड टाकला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर दिसते. अशी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नये. झरोक्याच्या पात्यांवर तेल नसावे. झूम असेल तर तोंड खाली करून धरावी, नळी आपोआप घसरली तर ती फार वापरलेली आहे असे समजावे. मग चौकड्यांची एक लुंगी भिंतीवर ताणून तिचा फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एक कोपरा धूसर आणि तीन स्पष्ट असतील तर आतले भिंग सरकलेले आहे. प्राइमची ही तपासणी एकदा पुरते, झूमची दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनदा करावी. निकॉनची जुनी ५० ची “डी” लेन्स स्वस्त मिळते, परंतु निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांवर तिचा फोकस आपोआप होत नाही, हातानेच करावा लागतो. तिपाईवरच्या कामाला ते चालते, लग्नात चालणार नाही. कॅननची जुनी लेन्स नव्या मिररलेसवर लावायला अडॅप्टर लागतो. त्याची किंमत सौद्यात धरावी.

नवी घेतलीत तर बिल धंद्याच्या जीएसटी नंबरावर घ्या. नेहमीच्या नोंदणीत असाल तर भरलेला कर वजा मिळू शकतो, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी तेथेच धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. रंग बदलणारे जेल असेल तर रंग पालटला की दाणे पुडीतून काढून मंद आचेवर कोरडे करून घ्या. हवामान कोरडे असले तरी महिन्यातून एकदा लेन्स डब्यातून काढून दोन-चार फोटो काढावेत.